२ टीबीची डिस्क, आत ६४ जीबीचं कार्ड

आमच्या गच्चीवरच्या फ्री डिशची वायर जुन्या पीसीतल्या ट्यूनर कार्डात (टीव्हीचा सिग्नल कॉम्प्युटरला देणाऱ्या कार्डात) जाते. टीव्हीहेडएंड नावाचं सॉफ्टवेअर रेकॉर्डिंग करतं, कोडी हे दुसरं सॉफ्टवेअर ते हॉलमधल्या टीव्हीवर लावतं आणि आई-बाबा सह्याद्रीवरचे कार्यक्रम सवडीने बघतात. जागा पुरेना म्हणून २ टीबीची ‘पोर्टेबल एसएसडी’ ऑनलाइन मागवली. किंमत १,८९९ रुपये, रिव्ह्यू झकास. जोडल्यावर कॉम्प्युटरनेही २ टीबीच दाखवले.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग बाबा म्हणाले, "अरे, परवाचं नाटक लागत नाहीये." यादीत नाव होतं, साइझ बरोबर होती, पण पडदा काळा. त्यानंतरचं एकही रेकॉर्डिंग लागेना. सुरुवातीची मात्र लागत होती.

डबी उघडली. आत एक छोटं सर्किट, त्यावर गोंदाने चिकटवलेलं ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, आणि हाताला वजन लागावं म्हणून लोखंडाची पट्टी! कंट्रोलरच्या, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपच्या, फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) खोटा आकडा भरलेला असतो आणि कॉम्प्युटर तोच वाचून दाखवतो. ६४ जीबी भरले की पुढचा डेटा हवेत जातो. काही डिस्क तर जुन्यावरच लिहीत सुटतात. फाइलींची यादी सुरुवातीच्या खऱ्या जागेत बसते, म्हणून नावं शाबूत दिसतात.

खरी मेख इथे आहे. माझं रेकॉर्डिंग तासाला साधारण दीड जीबी खातं. रोज तास-दीड तास धरला तर ६४ जीबी भरायला महिना लागतो, आणि माल परत करायची मुदत होती सात दिवस. विक्रेत्याचं उत्तर: "सर, आपने फॉरमॅट गलत किया है." वर मी टाकलेला वाईट रिव्ह्यू काढला तर २०० रुपये देतो म्हणे!

डिस्क आली की रिकामी असतानाच तपासा. त्यासाठी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ ही सॉफ्टवेअरं आहेत, दोन्ही फुकट. पूर्ण डिस्क लिहून परत वाचायला यूएसबी २ वर दोन-तीन दिवसही जातात, पण एफ३मधलंच एफ३प्रोब काही मिनिटांत खरी जागा सांगतं. त्यातला ‘डिस्ट्रक्टिव्ह’ पर्याय डिस्कवरचा डेटा घालवू शकतो, तेव्हा आधी डिस्कचं नाव नीट बघा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, बिल आणि टेस्टचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते. मीही केली आहे.