हिरडा-तुरटी की सोडा? घरच्या सुती कापडावर रंग पक्का करताना

आमच्याकडे शिवणं बायकोचं, रंगवणं माझं. कापड बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागावरचं, कोरं सुती. त्यावर रंग पक्का करायला मी दोन वाटा धरून पाहिल्या: रिॲक्टिव्ह रंग आणि धुण्याचा सोडा, किंवा हिरडा-तुरटीवर मंजिष्ठा, म्हणजे लाल रंग देणारं मूळ. रंग पक्का करायला मीठ-व्हिनेगर घाला असं कुणी सांगितलं तर नादी लागू नका. मीठ रंगाला धाग्याकडे नेतं, धरून ठेवत नाही. व्हिनेगर रेशीम-लोकरीच्या रंगांसाठी.

सोड्याची बाजू भक्कम आहे. रिॲक्टिव्ह रंग १९५६ साली बाजारात आले. सोड्याच्या पाण्यात ते धाग्याशीच जोडले जातात, म्हणून वर्षानुवर्षं टिकतात. पोपटी, मोरपंखी, हवा तो रंग, तोही एका रात्रीत. फक्त खायचा सोडा घेऊ नका, तो फार सौम्य पडतो. आणि आपल्याकडच्या श्रावणातल्या गारव्यात ओलं कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चुलीपाशी ठेवा, नाहीतर रंग फिका येतो.

माझं मन उडालं ते धुण्यापायी. रंगाचा काही भाग धाग्याऐवजी पाण्याशीच जुळतो आणि कापडात नुसता अडकून राहतो. तो आधी गार, मग कढत पाण्याने पुरता काढावा लागतो. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. एका मे महिन्यात वाकळीचं अस्तर गडद निळं रंगवलं. आठव्या बादलीतही पाणी निळंच, आणि हौदाने तळ गाठला. तसंच वाळवलं. पुढच्या धुण्यात आईच्या पांढऱ्या लुगड्याला निळे डाग पडले, ते आजही आहेत. दोष रंगाचा नव्हता, पाणी कमी पडलं. पण ते लुगडं दिसलं की अजून जीव हळहळतो.

हिरड्याचं काम सावकाशीचं. आधी कापडाची खळ उकळून काढायची. किलोभर कापडाला साधारण २०० ग्रॅम हिरडापूड, भिजवून न धुता वाळवायचं. मग १५० ग्रॅम तुरटी, पुन्हा वाळवण. नुसती तुरटी सुताला नीट धरत नाही, हिरड्यातला तुरटपणा तिला पकडून ठेवतो. मग मंजिष्ठा, मंद आचेवर. खळखळ उकळली की लाल तपकिरीकडे झुकतो. शेवटी दोन-तीन बादल्यांत पाणी निवळतं, निदान माझं तरी. लोखंडी घमेलं मात्र नको. लोहाने हिरडा काळवंडतो आणि जांभ्या मातीत लोह असतं, म्हणून तिथल्या विहिरीचं पाणी आधी चिंधीवर तपासा.

पावसाळ्यात वाळवण होत नाही, आणि पोपटी यातून निघायचा नाही. दारात बोअर असेल, भडक रंग हवे असतील, तर सोडा खुशाल घ्या. माझ्याकडे खानापूरकडचा हिरडा डबाभर भरलेला आहे. नातीच्या परकराचं कापड कालच तुरटीतून काढून गच्चीवर टाकलंय.