फॉर्म आपोआप भरणारं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी

घरबसल्या फॉर्म भरायचे, पाच-सहा दिवसांची मुदत, अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर हवी. काम घेतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लक्षात येतं की हाताने टाइप करून एवढे फॉर्म होणारच नाहीत. नेमका तेव्हा ग्रुपवर कुणाचा तरी मेसेज येतो : ‘ताई, मी तर ऑटो फिलिंग सॉफ्टवेअर वापरतो, तीन हजारांत मिळतं.’ मुदतीच्या धास्तीत असलेलं माणूस पैसे पाठवतं. पुष्कळदा काम देणारा आणि सॉफ्टवेअर विकणारा एकमेकांना सामील असतात, म्हणून तर वेळ इतकी बरोबर साधते.

आधी हे सॉफ्टवेअर म्हणजे काय ते समजून घ्या. बहुतेक वेळा तो साधा मॅक्रो रेकॉर्डर असतो. कोणती बटणं दाबली, माउस पडद्यावर कुठे नेला, कुठे क्लिक केलं आणि मध्ये किती वेळ गेला, एवढंच तो नोंदवतो आणि प्ले केलं की तेच जसंच्या तसं पुन्हा करतो. टायनीटास्क आणि ऑटोहॉटकी हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट मिळतात. ऑटोहॉटकी तर 2003 पासून आहे आणि मुक्तस्रोत आहे. दोन्हींत केलेला मॅक्रो, म्हणजे नोंदवलेल्या कृतींची मालिका, ईएक्सई फाइलमध्ये, म्हणजे डबल क्लिक केलं की थेट चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बदलता येतो. त्यावर नवं नाव, एक लोगो आणि ‘लायसन्स की’ची चौकट चढवली की झालं तीन हजारांचं सॉफ्टवेअर.

मॅक्रो वाचत नाही, ही खरी मेख आहे. समोरच्या चित्रात कुणाचं नाव आहे, पिनकोड काय आहे, हे त्याला कळत नाही. चित्रातली अक्षरं ओळखायला ओसीआर लागतं, आणि या कामातली चित्रं पुष्कळदा इतकी पुसट असतात की तिथे ओसीआरही 8 ला बी आणि 0 ला ओ करून ठेवतं. मग विक्रेत्याच्या व्हिडिओत भराभर फॉर्म कसे भरले जातात? ते आधीच एकदा हाताने भरून रेकॉर्ड केलेले असतात. हे तपासायचं असेल तर स्क्रीन शेअर करून दोनच गोष्टी करायला सांगा. तुम्ही आत्ता पाठवलेला नवा फॉर्म उघडायचा, आणि खिडकी दोन बोटं उजवीकडे सरकवायची. मॅक्रो चालवला की माउस जुन्याच जागी रिकाम्यात क्लिक करेल आणि आधीच्या फॉर्ममधलंच नाव टाइप होईल. विक्रेता यातलं काहीच करायला तयार नसेल, तर तेच उत्तर समजा.

फाइल हातात आल्यावर ती तुमच्या मशीनवर चालत नाही, याचीही कारणं ठरलेली आहेत. रेकॉर्डिंग 1920 बाय 1080 च्या पडद्यावर केलेलं आणि तुमचा लॅपटॉप 1366 बाय 768 चा, किंवा विंडोजचा डिस्प्ले स्केल 100 ऐवजी 125 टक्के, की सगळे क्लिक चुकतात. पान उघडायला दोन सेकंद जास्त लागले तर पहिली अक्षरं हवेत जातात. टॅबचं बटण एकदा हुकलं की पिनकोड मोबाइलच्या रकान्यात जातो आणि तिथून खालचा अख्खा फॉर्म एक घर सरकतो. कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर राहिला असेल, तर इंग्रजीत नोंदवलेल्या पी, यू, एन, ई या बटणांचं ‘पुणे’ न होता ‘जहला’ होतं. असे फॉर्म तुमच्या नावावर जमा होतात आणि मग येतो क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीचा रिपोर्ट : अचूकता कमी, करारभंग, इतका दंड भरा.

पण तीन हजार जाणं हे यातलं सगळ्यात लहान नुकसान आहे. फाइल पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये येते, कारण तशी झिप अँटीव्हायरसला आतून तपासता येत नाही. सोबत सूचना असते : अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो. यात अर्धं सत्य आहे. ऑटोहॉटकीच्या निर्धोक ईएक्सईलाही काही अँटीव्हायरस धोकादायक ठरवतात. म्हणूनच ही थाप पचते. पण कीबोर्डची बटणं टिपायची विंडोजमधली जी सोय मॅक्रो रेकॉर्डर वापरतो, तीच पासवर्ड चोरणारा कीलॉगरही वापरतो. आत दोन्हींतलं काय आहे, हे ईएक्सई बघून कळत नाही. सचोटीने काम करणाऱ्याकडे ऑटोहॉटकीची मूळ स्क्रिप्ट मागा. ती साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते, जाणकाराला दाखवता येते. आणि ‘इन्स्टॉल करून देतो’ म्हणून कुणी एनीडेस्कचा, म्हणजे दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या ॲपचा नंबर मागितला, तर कृपा करून देऊ नका.

फाइल चालवून झाली असेल तर आधी इंटरनेट तोडा. मग फोनवरून, त्या कॉम्प्युटरवरून नव्हे, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि सगळीकडून साइन आउट करा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले असंच धरा. विंडोज नव्याने टाकलेलं बरं. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढे वळती होण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

दंडाच्या नोटिशीला घाबरून आणखी पैसे भरू नका, ही कळकळीची विनंती. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप वसूल होत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं, आणि त्यासाठी समोरच्याला न्यायालयात जावं लागतं. व्हॉट्सॲपवर ‘आज संध्याकाळपर्यंत भरा, नाहीतर अटक’ असं येतं तो निव्वळ दम असतो. ते मेसेज पुसू नका. नोटीस, करार, क्यूसी रिपोर्ट, झिप फाइल आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक जपून ठेवा. तक्रारीत हेच मागतात.