दादरचा इंग्रजी क्लास: बाईंसाठी जा, झेरॉक्ससाठी नको

बॅलार्ड इस्टेटला क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या ऑफिसात मला बावीस वर्षं झाली. कागदपत्रं डोळे मिटून करीन, पण परदेशी पार्टीला मेल लिहायचा म्हटला की हात आखडतो. गेल्या पावसाळ्यात मी एकाला ठणकावलं, ‘वी हॅव बाय नो मीन्स रिसीव्ड युअर पेमेंट.’ साहेबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, “पैसे आले नाहीत, एवढंच म्हणायचंय ना?” त्याच आठवड्यात दादर पश्चिमेच्या या क्लासात नाव घातलं. बारा शनिवार, साडेचार हजार रुपये.

बाक चौथीच्या पोरांच्या मापाचे, पंखा एकच. त्याहून वाईट त्यांचे झेरॉक्स. ‘जोरदार नकार’ म्हणून आठ इंग्रजी प्रयोग छापलेत आणि आठांपुढे अर्थ एकच: मुळीच नाही. असल्याच कागदांवर विसंबून मी तो मेल लिहिला होता!

संध्याकाळच्या बाई मात्र तो कागद पहिल्याच दिवशी पालथा घालायला लावतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: समोरचा काय धरून बसलाय? ‘नॉट ॲट ऑल’ प्रमाणाबद्दल बोलतो. दर ‘नॉट ॲट ऑल हाय’, म्हणजे जराही जास्त नाही. ‘बाय नो मीन्स’ समोरच्याचा समज खोडतो. ‘धिस इज बाय नो मीन्स द फायनल रेट’, म्हणजे हाच दर पक्का असं धरून चालू नका. पैसे आले की नाही यात समज कसला खोडणार? तिथे साधं ‘नॉट यट’ पुरे. ‘इन नो वे’ संबंधच तोडतो: ‘वी आर इन नो वे रिस्पॉन्सिबल फॉर द डिले.’ (हे वाक्य आमच्या धंद्यात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा लागतं.)

‘अंडर नो सर्कमस्टन्सेस’वर अख्खा तास गेला. ही सक्त ताकीद, काही झालं तरी नाही. पण ती वाक्याच्या तोंडाशी आली की पुढचे शब्द उलटतात: ‘अंडर नो सर्कमस्टन्सेस शुड द बॉक्स बी ओपन्ड.’ प्रश्नासारखं दिसतं, प्रश्न नसतो. मागच्या बाकावरचा भांडुपचा एक जण म्हणाला, “नकार खिडकीत बसला की बाकीच्यांनी सरकायचं.” बाईंनी ते फळ्यावर लिहिलं.

‘नो वे’ मित्रांत ठीक. ऑफिसच्या मेलमध्ये ते म्हणजे सासऱ्यांना ‘हॅट्!’ म्हणण्यासारखं. आणि कोणी ‘डू यू माइंड?’ विचारून शेजारी बसायला बघत असेल तर ‘नॉट ॲट ऑल’ म्हणजे खुशाल बसा. मी इतकी वर्षं तिथे ‘येस, येस’ म्हणून हसत होतो. लोक उभेच का राहायचे ते आता कळलं.

परवा दराचा मेल स्वतः लिहिला, ‘बाय नो मीन्स फायनल’ घालून. उत्तर तासाभरात आलं: मग फायनल किती? साहेबांनी कपाळाला हात लावला, पण इंग्रजीत चूक काढली नाही.

पाचपैकी साडेतीन स्टार. संध्याकाळी साडेसहाचीच बॅच घ्या. सकाळी दुसरे सर असतात, ते झेरॉक्स वाचून दाखवतात.