‘शंभर टक्के ऑर्गॅनिक’ सिटी कंपोस्टचं पोतं: जास्वंदीला चालेल, पालकाला नको

ज्यांना एवढं सगळं वाचायचं नाहीये त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. फुलझाडांसाठी चार स्टार, पालेभाजीसाठी दीड, सरासरी पावणेतीन येते, पण विक्रीच्या साइटवर पावणेतीन दाबताच येत नाहीत म्हणून तीन दिलेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मी एकच पोतं तपासलंय आणि तेवढ्यावरून कुणाला झोडपणं बरं नाही, आणि खरं सांगायचं तर मुद्दा त्या एका कंपनीचा नाहीचे.

तर झालं असं की पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझ्या तीसेक कुंड्या आणि ग्रो बॅग्स आहेत. दरवर्षी पावसाळा संपला की मी खत मागवते, यावेळी तीन प्रकार मागवले. एक हे सिटी कंपोस्ट, म्हणजे शहरातल्या ओल्या कचऱ्यापासून बनवलेलं, १० किलोची छान छापील बॅग. दुसरं मुळशीकडच्या एका शेतकऱ्याचं गांडूळ खत, साध्या गोणीत, वर काहीही छापलेलं नाही. तिसरं कोंबडखताच्या गोळ्या, त्या भावाने दिल्या होत्या फुकट.

पॅकिंगला पैकीच्या पैकी मार्क. डिलिव्हरी दोन दिवसांत, बॅग फाटलेली नाही, वास अजिबात नाही, पावसानंतर माती जशी दरवळते ना तसा हलका वास होता फक्त, म्हणजे खत नीट कुजलेलं आहे. काळं भुरभुरीत, हातात घेतलं तर चिकटत नाही. मी खूश. मग सवयीप्रमाणे चाळणीतून चाळलं आणि चाळणीवर काय उरलं ते बघून खुशी उतरली. काचेचे दोन बारीक तुकडे, प्लॅस्टिकच्या पिशवीच्या चिंध्या, दोरा, आणि एक छोटीशी पत्र्याची टोपी जी मी आधी बटण समजले. नवऱ्याने हातात घेऊन सांगितलं, अगं ही पेन्सिल सेलची टोपी आहे.

आता सेलची टोपी खतात आली याचा अर्थ अख्खा सेल त्या कचऱ्याच्या ढिगात होता. आणि सेल होता म्हणजे तो कचरा घरातच वेगळा झालेला ओला कचरा नव्हता, सगळा एकत्र गोळा करून नंतर यंत्राने चाळलेला होता. एकत्र कचऱ्यात सेल येतात, रंगाचे पोपडे येतात, जुन्या पीव्हीसीचे तुकडे येतात, रस्ता झाडलेली धूळ येते, आणि या सगळ्यातून शिसं, कॅडमियम, निकेल, क्रोमियम खतात उतरतं. भोपाळच्या भारतीय मृदा विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी देशातल्या २९ शहरांचं कंपोस्ट तपासून २०१० मध्ये हेच मांडलं होतं, की मिश्र कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये जड धातू जास्त आणि वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याच्या कंपोस्टमध्ये कमी.

मी विक्रेत्याला मेसेज केला की या बॅचचा जड धातूंचा रिपोर्ट आहे का. उत्तर काय आलं, तर “मॅडम आमचं प्रॉडक्ट शंभर टक्के ऑर्गॅनिक आहे, कोणतंही केमिकल नाही.” परत विचारलं, परत तेच आलं, यावेळी खाली हिरव्या पानाचा इमोजी. अहो दादा, मी केमिकल घातलंय का विचारतच नाहीये! शिसं हे मूलद्रव्य आहे, ते कुजत नाही, बुरशी त्याला खात नाही. उलट कचरा कुजताना त्यातला कर्ब हवेत उडून जातो, ढीग आकसतो, आणि धातू मात्र होते तेवढेच उरतात, म्हणजे किलोमागे प्रमाण वाढतंच. गांडुळं धातू खाऊन संपवतात असंही काही लोक सांगतात. थोडे धातू त्यांच्या अंगात साठतात हे खरं, पण संपत कुठे नाहीत. इथे दीड स्टार कापला, खतासाठी नाही, त्या उत्तरासाठी.

मग मी जरा जास्तच केलं, असं घरच्यांचं मत आहे. तिन्ही खतांची सॅम्पल एका खाजगी लॅबला दिली. साधी माती तपासणी स्वस्तात होते, पीएच (म्हणजे आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश वगैरे, पण धातूंचे पैसे वेगळे आणि ते झोंबतात, त्या पैशात मला दोन-तीन वर्षांचं खत आलं असतं. कुणी करणार असाल तर एक सांगते, पोत्याच्या पाच-सहा जागांवरून थोडं थोडं काढा, एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, परत तसंच, असं करत अर्धा किलोवर आणा. आणि हे सगळं प्लॅस्टिकच्या बादलीत, पत्र्याची बादली नको, तिच्या जस्ताच्या लेपानेच रिपोर्ट बिघडेल.

रिपोर्ट आला तर सिटी कंपोस्ट पास! आपल्याकडे खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये सिटी कंपोस्टला मर्यादा घालून दिल्यात, किलोला शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १०, पारा ०.१५. सगळं त्याच्या आत. फक्त शिशाचा आकडा मर्यादेच्या अर्ध्याच्या पुढे होता आणि मुळशीच्या गोणीत तो याच्या पावसुद्धा नव्हता. नवरा म्हणाला, झालं ना समाधान, आत आहे ना मर्यादेच्या. मला काही झोप लागेना.

कारण ती मर्यादा शेताचा विचार करून बरी आहे, कुंडीचा नाही. हिशोब करून बघा. एक एकर जमिनीच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण ९ लाख किलो भरतं. शेतकरी त्यात दोन टन कंपोस्ट टाकतो, म्हणजे पाव टक्कासुद्धा नाही. आणि आपण गच्चीवाले काय करतो, एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग खत! तिसरा हिस्सा खतच, आणि दरवर्षी वरून पुन्हा भर. समजा खतात शिसं बरोब्बर मर्यादेवर, १०० आहे, तर १० किलोच्या पोत्यात १ ग्रॅम शिसं आलं. नत्र झाडाने खाल्लं, कर्ब उडाला, तो १ ग्रॅम कुंडीतच, आणि पुढच्या वर्षीचा त्यावर. आणि सगळीकडे आपल्याएवढी सूट आहे असंही नाही, युरोपात सेंद्रिय खताला कॅडमियम १.५ च्या पुढे चालत नाही, आपल्याकडे ५ चालतं. (पाऱ्याच्या बाबतीत मात्र आपण त्यांच्यापेक्षा कडक आहोत, हेही सांगायला हवं.)

पण खतात आहे म्हणून भाजीत येतंच असं पण नाहीये, आणि इथे मला लॅबमधल्या माणसाने फोनवर वीस मिनिटं शिकवलं, त्याचे आभार, लॅबला पाच स्टार. रिपोर्टमधला आकडा एकूण धातूचा असतो. झाडाला त्यातला जेवढा पाण्यात सुटतो तेवढाच मिळतो. चांगलं मुरलेलं खत म्हणजे ह्यूमस, आणि ह्यूमस शिशाला आणि तांब्याला घट्ट धरून ठेवतो, कॅडमियमला तितका नाही. म्हणून गंमत अशी की रस्त्याकडेची जुनी माती असेल, जिच्यात शिशाच्या पेट्रोलच्या काळातली धूळ बसलीये (ते पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं, धूळ काही कुठे गेली नाही), तिथे स्वच्छ कंपोस्ट घातलं तर भाजीतलं शिसं कमी होऊ शकतं. म्हणजे सेंद्रिय खत हे औषध पण आहे. कच्चं, अर्धवट कुजलेलं खत मात्र उलटं वागतं, त्यातून विरघळणारे सेंद्रिय पदार्थ सुटतात आणि ते धातूला बोट धरून मुळापर्यंत नेतात. आणि ह्यूमसने धरलंय ते कायमचं नाही, ह्यूमस हळूहळू कुजतोच, धातूंना धरून ठेवायला तो उरत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट पीएच. माती आंबट झाली की कॅडमियम सुटतं, पीएच सातच्या वर असला की बसून राहतं. आपली पुण्याकडची काळी चुनखडीची माती मुळातच अल्कधर्मी, त्यामुळे आपण नशीबवान. पण माझी वहिनी दापोलीची, माझं बघून तिनेही हेच पोतं मागवलं होतं, आणि तिकडची जांभ्याची लाल माती आंबट, त्यात पावसाने चुना धुऊन गेलेला. तेच खत, तेवढंच कॅडमियम, पण तिच्या पालकाला जास्त मिळणार. फोन करून सांगितलं तर म्हणाली, “ताई, तुम्ही आधी खत घ्यायला लावता आणि मग घाबरवता.” चूक नाही तिचं. तिला म्हटलं, पीएच बघ आणि थोडी चुन्याची भुकटी मिसळ. आणि गच्चीवाल्यांनो, आपणही फार खूश व्हायला नको, कोकोपीट आंबटसर असतं, तिसरा हिस्सा तेच असेल तर काळ्या मातीचा फायदा पातळ झाला. शिवाय न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, त्यातलं क्लोराइड कॅडमियमला चिकटून त्याला मातीतून मोकळं करतं. भिजवून दोनदा पाणी फेकून मगच वापरा.

भाजीचं म्हणाल तर दोन महिने शेजारी शेजारी लावून बघितलं. पालक सिटी कंपोस्टमध्ये खरंच मस्त आला, गांडूळ खतापेक्षा पानं मोठी, हिरवीगार. हेच तर दुखणं आहे, दिसण्यावरून काही कळत नाही. आणि पालक, लेट्यूस, मोहरीची भाजी, या पानवाल्या मंडळींना कॅडमियम ओढायची फार हौस. वांगी, टोमॅटो, मिरचीच्या फळापर्यंत कमी पोचतं, आणि गवार, चवळी, घेवडा यांच्या शेंगांत त्याहून कमी. मुळा-गाजरात शिसं सालीला जास्त, सोलून घ्या. पानावरचं शिसं बरंचसं धुळीचं असतं, आमची गच्ची हायवेच्या बाजूला आहे त्यामुळे मेथी तीन पाण्यांतून काढल्याशिवाय मी चिरत नाही. कॅडमियम मात्र पानाच्या आत असतं, ते धुऊन जात नाही, म्हणूनच कोडेक्सच्या, म्हणजे खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकात पालेभाजीच्या किलोला फक्त ०.२ मिलिग्रॅम चालतं.

एका ग्रुपवर कुणीतरी सल्ला दिला की कुंडीत मोहरी लावा, ती धातू शोषून माती साफ करते. करते, अगदी बरोबर आहे. त्याच बाईंनी पुढच्या फोटोत ती मोहरी उपटून घरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकलेली होती.

कोंबडखताबद्दल थोडक्यात, मी परत घेणार नाही. कोंबड्यांच्या खाद्यात तांबं आणि जस्त घालतात ते खतात उतरतं, क्षार जास्त, आणि कुंडीत दोन मूठ जास्त पडलं तर मेथीची पानं कडेने जळतात, माझी जळली. शेतात जुनं मुरलेलं असेल तर वेगळी गोष्ट.

गांडूळ खताला साडेचार. शेतकऱ्याला विचारलं कशापासून करता तर सरळ गोठ्याकडे बोट दाखवलं, शेण आणि उसाचं पाचट, बस. छापील बॅग नाही, सर्टिफिकेट नाही, पण माल कुठून आला ते डोळ्याने दिसतं. अर्धा स्टार कापला कारण गोणीत ओल फार होती, पाण्याचे पैसे दिल्यासारखं वाटलं, आणि एक गोम पण निघाली.

आणि हे वाचून कुणी युरिया-सुपर फॉस्फेटच बरं म्हणत असेल तर थांबा, फॉस्फेटच्या खडकात कॅडमियम निसर्गतःच असतं, ते सुपर फॉस्फेटमधून येतंच. त्यामुळे बॅगवर सेंद्रिय लिहिलंय की रासायनिक यापेक्षा कच्चा माल काय होता आणि बॅच रिपोर्ट देता का, हे दोन प्रश्न विचारा. सिटी कंपोस्टवाल्यांनी बॅगेच्या मागे नत्र-स्फुरद-पालाश छापलंय, धातूंची एक ओळ छापायला अशी कितीशी शाई लागली असती? छापली असती तर त्या लॅबच्या पावतीवरून घरात मला आजपर्यंत ऐकून घ्यावं लागलं नसतं.

सध्या पालेभाजीच्या कुंड्यांत घरच्या ओल्या कचऱ्याचं खत आणि मुळशीची गोणी, तेही पाचवा हिस्सा, जास्त नाही. सिटी कंपोस्टची उरलेली अर्धी बॅग जास्वंद आणि बोगनवेलीला चाललीये आणि जास्वंदीला कळ्या इतक्या आल्यात की खालच्या मजल्यावरच्या काकू पूजेला रोज पाच फुलं नेतात. काल विचारत होत्या, कुठलं खत घालतेस गं, मला पण सांग, अळू लावायचाय. त्यांना पोतं नाही दाखवलं, मुळशीच्या दादांचा नंबर दिला.