विधेयकांवरच्या टिपणांसोबत आठ महिने: तालुका कोर्टातल्या वकिलाचा अनुभव

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात फौजदारी वकिली करतो. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले (दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आणि बार रूमच्या प्रत्येक टेबलावर जुन्या-नव्या कलमांचा तक्ता आला. ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ झालं. तक्त्यात कलम सापडतं, पण कलमाच्या पोटात काय बदललं ते तक्ता सांगत नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची टिपणं वाचायला घेतली. विधेयकावर बोलण्याआधी खासदारांची तयारी व्हावी यासाठी ही संस्था २००५ पासून ती काढते. ती कुणालाही फुकट वाचता येतात.

टिपणाच्या सुरुवातीलाच तरतुदींचा सारांश आणि मुख्य प्रश्न असतात. पुढे एकेक प्रश्न सोडवून मांडलेला असतो: आधीचा कायदा काय म्हणत होता, सर्वोच्च न्यायालयाने काय ठरवलं होतं, संसदेच्या स्थायी समितीने काय सुचवलं. विधेयक चांगलं की वाईट, याचा निकाल टिपण देत नाही. मला हेच हवं होतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पीसीआरच्या, म्हणजे पोलीस कोठडीच्या बाबतीत. आमच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय होती की पोलीस कोठडी मिळणार ती पहिल्या पंधरा दिवसांतच. १९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालाने ते पक्कं केलं होतं. आरोपीला एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी झाली की आम्ही जामिनाच्या अर्जाला लागायचो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये दिवस पंधराच आहेत, पण ते तुकड्या-तुकड्यांनी, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. टिपणातला मुद्दा नेमका इथे आहे: पोलिसांनी पंधरा दिवस संपवले नसतील, तर या काळात जामीन नाकारला जाऊ शकतो. चोरीच्या एका प्रकरणात चार दिवसांच्या पीसीआरनंतर मुलगा जेलमध्ये होता. बाविसाव्या दिवशी पुन्हा कोठडीचा अर्ज आला. त्याची आई पायरीवर बसून विचारत होती, "वकीलसाहेब, पोरगं परत पोलिसांकडं न्हेणार का?" वर्षभर आधी मी छातीठोक "नाही" म्हटलं असतं. त्या दिवशी तिला खरं सांगता आलं, आणि युक्तिवादही "मुदत संपली" असा न करता "आत्ताच कोठडी कशाला हवी" यावर करता आला.

दुसरं याच संहितेच्या कलम ४७९ चं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की त्याला सोडायचं, ही बातमी सगळ्यांनी वाचली. पण एकाहून जास्त गुन्ह्यांचा तपास किंवा खटला चालू असेल तर ही सवलत नाही, हे टिपणाने ठळक केलं. आमच्याकडच्या किती एफआयआरमध्ये एकच कलम असतं? अर्ज लिहिताना मी आता आधी हे तपासतो.

एक मात्र सांभाळायला हवं. टिपण विधेयकावरचं असतं, कायद्यावरचं नसतं. ११ ऑगस्ट २०२३ ला मांडलेली विधेयकं मागे घेऊन डिसेंबरमध्ये सुधारित मांडली गेली आणि मधले आकडे सरकले. न्याय संहितेच्या पहिल्या विधेयकात छोट्या संघटित गुन्ह्याचं खंड ११० होतं, ते कायद्यात कलम ११२ झालं. मी अर्जात ११० लिहून बसलो होतो, ज्युनियरने वेळेत पकडलं. शिवाय ४७९ चा लाभ १ जुलै २०२४ आधीच्या कैद्यांनाही मिळेल, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. ते २०२३ च्या टिपणात कसं असणार? राजपत्रातला मजकूर आणि निकाल शेजारी ठेवल्याशिवाय मी आता टिपण उघडत नाही.

टिपणांची इंग्रजी सोपी आहे, तरी नव्या ज्युनियरांना ती जड जाते. म्हणून दर शनिवारी कोर्ट सुटल्यावर आम्ही एकच प्रश्न घेतो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कायद्यात कलम शोधायचं, मग मराठीत बोलायचं. गेल्या शनिवारी सामुदायिक सेवेच्या शिक्षेचा प्रश्न होता. न्याय संहितेत कलम ४ मध्ये ही शिक्षा आहे, पण तिची व्याख्या नाही. स्थायी समितीनेही ती मागितली होती. मग उत्तर कुठे आहे? अर्धा तास पानं उलटून एका मुलीला ते सापडलं: नागरिक सुरक्षा संहिता, कलम २३, खालचं स्पष्टीकरण.