लोअर झांबेझीला गेलात तर कॅनू आधी, जीप नंतर

झांबियाच्या राजधानीत, लुसाकात राहून आम्हाला चार वर्षं झाली, आणि यावेळी आई-बाबा नागपूरहून आले होते म्हणून सप्टेंबरच्या शेवटी त्यांना घेऊन लोअर झांबेझी नॅशनल पार्कला चार रात्री राहून आलो. भारतातून आफ्रिकेत येणारे बहुतेक जण मसाई मारा नाहीतर क्रूगर करतात, झांबियात आले तर व्हिक्टोरिया फॉल्स बघून परत जातात, आणि हे पार्क राहूनच जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. कॅम्पचं नाव देत नाही, कारण सगळ्या कॅम्पांत अ‍ॅक्टिव्हिटी थोड्याफार फरकाने त्याच असतात. तुम्ही कुठे राहता यापेक्षा चार दिवसांत काय काय करता हे इथे जास्त महत्त्वाचं आहे.

आधी जागा समजून घ्या. झांबेझी नदीच्या उत्तर काठावर ४,०९२ चौरस किलोमीटरचं हे पार्क, १९८३ मध्ये जाहीर झालेलं. समोरच्या काठावर झिंबाब्वेचं माना पूल्स नॅशनल पार्क. उत्तरेला डोंगराची उंच कडा आणि दक्षिणेला नदी, त्यामुळे उन्हाळ्यात आतलं पाणी आटलं की जनावरं मधल्या सपाटीवर नदीकाठी उतरतात. इथे सगळं नदीभोवतीच चालतं, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इथे येऊन फक्त जीपमध्ये बसायचं असेल तर दुसरं पार्क निवडा.

कॅनू, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी! माझ्यासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट. सकाळी मोटरबोटीने आम्हाला वरच्या अंगाला नेऊन सोडलं आणि तिथून प्रवाहाबरोबर खाली यायचं, म्हणजे वल्हवायचे कष्ट फार नाहीत, पाणीच नेतं. गाईड मागे बसतो, आपण पुढे. निघायच्या आधी त्याने नीट समजावलं की हात पाण्यात घालायचा नाही (मगरी), उभं राहायचं नाही, आणि पाणघोड्याला खोल पाण्याकडे जायची वाट कायम मोकळी ठेवायची. घाबरला की तो खोल पाण्याकडेच पळतो, आपण मध्ये आलो की प्रकरण गंभीर, म्हणून कॅनू उथळ कडेने न्यायची. पुढे वळण आलं की तो वल्ह्याने कॅनूच्या कडेवर टक टक वाजवायचा आणि मग थांबायचा. पाण्याखाली असलेले पाणघोडे आवाज ऐकून डोकं वर काढतात, मग ते कुठे आहेत हे आपल्याला कळतं आणि आपण कुठे आहोत हे त्यांना. पहिल्यांदा वीस-पंचवीस डोकी एकदम वर आली तेव्हा माझे हात गार पडले होते, खरंच सांगते. पण गाईडने शांतपणे दुसऱ्या काठाने काढलं आणि तासाभराने भीती जाऊन नुसतं बघणं उरलं.

मुख्य पात्रातून बाजूच्या अरुंद चॅनलमध्ये शिरलं की तर बोलायचीच सोय नाही. इंजिन नाही, धूळ नाही, आपण पाण्याच्या पातळीवर, आणि वर काठावर हत्ती उभा. तो सोंडेने पाणी ओढतो तो आवाज इतक्या जवळून मी कधी ऐकला नव्हता. बाबांनी ताडोबा कितीतरी वेळा केलंय, सकाळी गेटवर जिप्सींची रांग आणि जनावरांचा इशाऱ्याचा कॉल आला की सगळ्या गाड्या एकाच दिशेला हे त्यांना पाठ आहे, ते इथे दोन तास एक शब्द बोलले नाहीत आणि उतरल्यावर म्हणाले, "उद्या परत हेच करू, बेटा." दुसऱ्या दिवशी आम्ही परत तेच केलं.

सप्टेंबरमध्ये गेल्याचा एक फायदा म्हणजे राघू (पोपट नव्हे, बी-ईटर). आपल्याकडच्या वेड्या राघूचाच भाऊबंद, पण अंग गडद लाल-गुलाबी आणि डोकं निळसर-हिरवं, शेकड्यांनी येतात आणि नदीच्या उभ्या मातीच्या काठात बिळं करून घरटी घालतात. कॅनू खालून गेली की आख्खा काठ उडाल्यासारखा वाटतो. ते बघायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरच, फक्त ऑक्टोबरमध्ये पारा ४० च्या वर जातो हे लक्षात ठेवा.

आईचे गुडघे दुखतात, कॅनूत खाली बसणं-उठणं तिला जमणार नव्हतं, तिच्यासाठी संध्याकाळची बोट सफारी अगदी योग्य. खुर्च्या, वर छत, चढायला फळी. मगरी, पाणघोडे, कवड्या खंड्या, आणि मत्स्यगरुडाची ती मान मागे टाकून मारलेली हाक. तिने हत्तींचा कळप नदी पोहून बेटावर जाताना बघितला, पिल्लू मध्ये आणि दोन्ही बाजूंनी मोठ्या हत्तिणी. इथे एक वाईट गोष्ट घडली. दुसरी एक बोट फोटोसाठी त्यांच्या वाटेतच घुसली, कळप बिचकून मागे वळला, पिल्लू काही सेकंद नुसती सोंड वर काढून होतं. आमच्या गाईडने इंजिन बंद करून लांबच थांबवलं आणि ते सगळे पलीकडे पोचेपर्यंत हललाच नाही. मला फार राग आला. तुमचा बोटवाला जवळ जायला लागला तर तुम्हीच त्याला थांबवा, पैसे दिलेत म्हणून हा हक्क मिळत नाही.

वॉकिंग सफारी पहाटे. पुढे बंदूकवाला स्काऊट (म्हणजे पार्कचा रक्षक), मग गाईड, मग आपण एकामागे एक, बोलायचं नाही. मोठी जनावरं जवळून दिसतील या आशेने जाऊ नका, चालण्याची मजा बारीक गोष्टींत आहे. काठाकाठाने विंटरथॉर्नची मोठी झाडं आहेत, बाभळीच्याच कुळातली, पण उलट्या वागणुकीची: पावसाळ्यात पानं गाळतात आणि कोरड्या दिवसांत हिरवीगार. शेंगा सुकवलेल्या सफरचंदाच्या चकत्यांसारख्या वळलेल्या, आणि त्या पडायला लागल्या की हत्ती झाडाखालून हलत नाहीत. गाईडने हत्तीची लीद काठीने फोडून आतल्या बिया दाखवल्या, पोटातून जाऊन आलेल्या बिया लवकर रुजतात म्हणाला. बाबांना गोरखचिंचेचं झाड बघून फार आनंद झाला.

जीप ड्राइव्ह चांगलीच आहे, बिबट्या आम्हाला नाईट ड्राइव्हलाच दिसला, शिवाय साळिंदर आणि उदमांजर. झांबियात रात्रीची ड्राइव्ह करता येते हे मोठं सुख. पण दुपारच्या ड्राइव्हला मोपेन झाडांच्या रानात त्सेत्से माश्या चावतात, कपड्यांवरून चावतात, निळे आणि काळे कपडे घालू नका कारण त्या रंगांकडे त्या येतातच. आणि इथे जिराफ नाही, गेंडाही नाही, गेंडे शिकाऱ्यांनी संपवले. मुलांना जिराफ कबूल करून आणू नका.

फिशिंग मी केली नाही. टायगरफिश पकडून परत सोडतात, डिसेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, नवरा गेला होता आणि खूश होऊन आला. मला तोंडात गळ अडकलेला मासा बघवत नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

जायचं कसं तर लुसाकाहून छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासात आतल्या धावपट्टीवर उतरता येतं, आम्ही चिरुंदू या सीमेवरच्या गावापर्यंत गाडीने आणि पुढे बोटीने गेलो. घाटात ट्रकांची रांग लागते, पहाटे निघा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा. व्हेज जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, आम्ही कळवलं होतं तर रोज भोपळ्याची पानं, बीन्स आणि न्शिमा मिळालं. न्शिमा म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आईने तो लोणच्याबरोबर आवडीने खाल्ला. बहुतेक कॅम्प नोव्हेंबरच्या मध्यापासून पाऊस संपेपर्यंत बंद असतात.

किमान तीन रात्री ठेवा, दोन रात्रींत कॅनू एकदाच होते. अजून एक, पार्कच्या आत कांगालुवी नावाच्या तांब्याच्या उघड्या खाणीचा वाद कित्येक वर्षं चालू आहे, त्यामुळे हे बघायचं मनात असेल तर फार लांबवू नका असंच मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतेय.

शेवटच्या रात्री एक हत्ती आमच्या तंबूमागे शेंगा खायला आला. आई जागीच होती. सकाळी म्हणाली, दोन तास तो चावत होता आणि मी ऐकत होते.