ताऱ्यांचे वर्णपट वाचायचेत: स्लोन घ्यावं की गाया?

जून ते सप्टेंबर कोकण किनाऱ्यावर दुर्बिणीला काम नसतं. ढग हटलेच तरी दमट हवेत भिंगांवर बुरशी धरायची धास्ती, म्हणून ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात पडून राहते. ज्यांना ताऱ्यांचा नाद सुटत नाही ते या दिवसांत इतरांनी घेतलेले वर्णपट, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांप्रमाणे पसरवून काढलेले आलेख, काढून बसतात. रत्नागिरीत आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना घेऊन मीही तेच करतो. नवीन आलेला हमखास विचारतो, सुरुवात स्लोन सर्वेक्षणाच्या वर्णपटांपासून करू की गायाच्या? स्लोन म्हणजे जमिनीवरच्या दुर्बिणीने केलेलं सर्वेक्षण, गाया ही युरोपची अंतराळ दुर्बीण. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींत तापमान, लॉग जी (ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या गुरुत्वाचा आकडा, फुगलेल्या ताऱ्यात कमी) आणि धातुता (हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यांचं प्रमाण) काढून ठेवलेली आहे. मी दोन्ही वापरून पाहिलेत.

पसारा बघायचा तर गायापुढे स्लोन कुठेच नाही. जून २०२२ मध्ये आलेल्या तिसऱ्या प्रकाशनात गायाने जवळपास २२ कोटी स्रोतांचे बीपी-आरपी (निळ्या आणि लाल भागाचे) वर्णपट खुले केले. स्लोनचा हिशेब लाखांत चालतो. त्यात न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीला तेजस्वी तारे झेपत नाहीत, साधारण चौदाव्या प्रतीपेक्षा मंद तेच मिळतात (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद). आदल्या हिवाळ्यात किनाऱ्यावरून तुम्ही स्वतः पाहिलेला आठव्या प्रतीचा तारा तिथे सापडायची आशा सोडा. पाहिलेल्या ताऱ्याचाच आलेख हवा असा हट्ट असेल तर सरळ गाया उघडा, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

बारकाव्याचं गणित मात्र उलटं आहे. बीपी-आरपीची विभेदनक्षमता, म्हणजे जवळच्या रेषा सुट्या दाखवायची ताकद, जेमतेम शंभरापर्यंत जाते, स्लोनची दोन हजारांच्या आसपास. स्लोनच्या आलेखात ३९३४ आणि ३९६८ अँगस्ट्रॉमच्या कॅल्शियमच्या दोन रेषा सुट्या दिसतात, ४३०० जवळची ‘जी’ नावाची पट्टी दिसते, ५१७५ जवळचं मॅग्नेशियम दिसतं. गायात यांतलं बरंचसं वितळून एक उतार होतो. पण मला खरा त्रास याचा झाला नाही. कमी दिसणं चालतं. नसलेलं दिसणं चालत नाही.

गाया बहुतेक स्रोतांसाठी मोजलेले बिंदू देत नाही. निळ्या भागाचे ५५ आणि लाल भागाचे ५५ सहगुणक देतो आणि त्यांतून वक्र आपण उभा करायचा. त्यासाठी गायाएक्सपाय नावाची पायथन लायब्ररी आहे, ती चालते छान. गोची अशी की उभ्या केलेल्या वक्रात लाटा उठतात, विशेषतः निळ्या टोकाला. आमच्यातल्या एका मुलीने सूर्यासारख्या ताऱ्याच्या छापील आलेखावर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. ४०० नॅनोमीटरच्या (म्हणजे ४००० अँगस्ट्रॉमच्या) अलीकडे प्रत्येक खळग्याला बाण आणि बाणापुढे नेटक्या अक्षरात कुठे लोह, कुठे कॅल्शियम. खळगे होतेच, तिने ते कल्पनेने काढले नव्हते. मग त्याच तापमानाचा पण जरा मंद असा दुसरा तारा काढला, तर खळगे सरकलेले. आता तिला कुठला खळगा पुसायला सांगायचा?

स्लोनच्या आलेखातही कचरा असतो, उगाच नाही कशाला म्हणू. ५५७७ ला टोकदार काटा येतो, तो आपल्याच वातावरणातल्या ऑक्सिजनच्या चमकेची वजाबाकी नीट न झाल्याचा. ६८७० आणि ७६०० जवळ हवेतल्या ऑक्सिजनने खाल्लेल्या प्रकाशाचे, दुरुस्तीनंतरही उरलेले व्रण. ८००० च्या पुढे मंद ताऱ्यांत आकाशरेषांची नुसती झुंबड. पण हे सगळं ताऱ्यागणिक हलत नाही. खाडीच्या तोंडावरचा खडक तांडेलाला पाठ असतो, त्याला घोर असतो तो दर पावसाळ्यात जागा बदलणाऱ्या वाळूच्या पट्टीचा. दोन-चार संध्याकाळी आलेख चाळले की पोरं ५५७७ कडे ढुंकूनही बघत नाहीत. गायाच्या लाटांबाबत ती सवय लावता येत नाही. निदान मला तरी लावता आली नाही.

स्लोनच्या चित्रावरची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. रेषांची नावं त्यांच्या अपेक्षित जागी छापलेली असतात, खाली रेषा असो वा नसो. नाव वाचून खुश होऊ नका, खाली वक्र खरंच वाकलाय का ते पाहा. आणि तरंगलांबी निर्वातातली असते. हायड्रोजनची एच-अल्फा रेषा पुस्तकातल्या, हवेतल्या ६५६२.८ ऐवजी ६५६४.६ ला दिसेल. तो फरक ताऱ्याचा वेग समजलात तर सेकंदाला ८० किलोमीटरहून जास्त वेग फुकटात पदरात पडेल!

आता आकड्यांकडे. गाया तापमान आणि वाटेतली धूळ एकत्रच अंदाजतो. धुळीआडचा उष्ण तारा आणि उघड्यावरचा थंड तारा या कमी बारकाव्यात जुळ्या भावांसारखे वागतात, म्हणून आकाशगंगेच्या पट्ट्यात त्याच्या तापमानावर मी फार भार टाकत नाही. त्याच मार्गाने काढलेली धातुता तर गुणात्मक पातळीवरच घ्या असं गायाचा चमूच सांगतो. स्लोनची पाइपलाइन (वर्णपटावरून आपोआप आकडे काढणारी संगणकप्रणाली) अनेक पद्धतींनी वेगवेगळं उत्तर काढते आणि सरासरी देते. किती पद्धती कामी आल्या तो आकडाही सोबत असतो. फ्लॅगमध्ये, म्हणजे आकड्यांसोबतच्या इशाऱ्याच्या खुणेत, सगळी अक्षरं ‘एन’ असली तर ठीक. ‘सी’ दिसला तर रंगावरून आलेलं तापमान आणि वर्णपटावरून आलेलं तापमान यांचं पटलेलं नाही. ‘बी’ म्हणजे एच-अल्फा आणि एच-डेल्टा या हायड्रोजनच्या दोन रेषा एकमेकांशी भांडताहेत. असा तारा मी पोरांना मुद्दाम देतो. आलेख उघडून भांडण कशावरून लागलं ते शोधताना ती जेवढं शिकतात तेवढं शंभर सरळ ताऱ्यांत शिकत नाहीत.

लॉग जी मात्र स्लोनची दुखरी बाजू. गायाकडे पराशय (पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीमुळे ताऱ्याचं दिसणारं किंचित सरकणं) आहे, त्यातून अंतर आणि अंतरातून खरी तेजस्विता, त्यामुळे जवळच्या ताऱ्यांत राक्षसी कुठला आणि बुटका कुठला हे तो जास्त विश्वासाने सांगतो. मी वर्णपट स्लोनचा वाचतो आणि लॉग जीबद्दल शंका आली की तेवढ्यापुरता गायाचा पराशय काढून ताडून बघतो. तुमचं काम हजारो ताऱ्यांची आकडेवारी काढायचं असेल, एकेक आलेख डोळ्यांखालून घालायचा नसेल, तर माझं ऐकू नका, गाया घ्या.

एकेक तारा समोर घेऊन बसणार असाल तर स्लोनमधले पंधराव्या ते सतराव्या प्रतीचे एफ आणि जी प्रकारचे (सूर्यासारखे किंवा जरा जास्त उष्ण) तारे आधी काढा, सिग्नल-टु-नॉइज (खऱ्या प्रकाशाचं गोंगाटाशी प्रमाण) तीसच्या वरचे. एम प्रकारचे थंड, लाल तारे सध्या बाजूला ठेवा. टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांनी त्यांचा आलेख इतका कुरतडलेला असतो की सलग पातळी कुठे धरायची हेच नवख्याला कळत नाही, आणि पाइपलाइनही तिथे फारशी मदतीला येत नाही.